रिकाम्या रायफलीचा धक्का

संस्थानिक महाराजांच्या गोळीनं नुसताच जखमी झालेला गवा परवा रान उठवणाऱ्या हाकेकऱ्यांवर उलटला. खापर फुटलं रायफलीवर. "हिची गोळी हलकी! मोठ्या बोअरची, जाड नळीची मागवा!" महाराज गरजले.

हाकेकऱ्यांचा म्होरक्या धाकोबा चपापला; मोठी रायफल म्हणजे खांद्याला धक्काही मोठा. त्यानं शस्त्रागारातली सर्वांत दांडगी रायफल महाराजांच्या हाती दिली आणि समोर नेमासाठी नारळ मांडला.

महाराजांनी डोळे गच्च मिटले, खांदा आक्रसला आणि चाप ओढला. नुसतंच 'खट्' झालं. धाकोबानं काडतूस घातलंच नव्हतं. धक्का बसलाच नाही, तरी महाराजांचे डोळे मिटलेलेच होते.

"मग गव्याला कोणती घेऊ?" महाराजांनी ओशाळून विचारलं.

"गवा दोन्हींनी मरतो, सरकार. जिच्यामागं आपले डोळे उघडे राहतील, ती घ्या."

महाराज खळखळून हसले. त्यांनी आपली हलकी रायफलच उचलली, काडतूस भरलं आणि डोळे उघडे ठेवून चाप ओढला. नारळ फुटला आणि हाकेकऱ्यांनी तो वाटून खाल्ला.