चित्रांचा पहारा

हिरण्यपूरच्या किल्ल्याचे कोतवाल दुर्गोजीराव यांना आपल्या मिशांपेक्षाही जास्त गर्व होता तो दरवाजातल्या चित्रांचा. पकडलेल्या प्रत्येक चोराचं चित्र त्यांनी तिथे टांगलं होतं. येणाऱ्याजाणाऱ्याचा चेहरा चित्रांशी जुळला की बेडी, नाही जुळला तर मुजरा!

"महाराज, आता खजिन्यावरचा पहारा उठवा," ते भर दरबारात म्हणाले. "चोर आत शिरेलच कसा?"

खजिना सांभाळणाऱ्या मैनाबाई पुढे आल्या. "कोतवालसाहेब, ज्याने अजून पहिली चोरीच केली नाही, त्याचं चित्र कुठून आणणार? माणसाचा चेहरा कसला बघताय, तो करतोय काय ते बघा!"

"माझ्या दरवाजातून एक काडी तरी चोरून दाखवा!" कोतवाल गरजले.

दुसऱ्या दिवशी दरबारात मैनाबाईंनी डोक्यावरचं भलंमोठं गाठोडं सोडलं. आत कोतवालांची सगळी चित्रं!

"अरे, अडवलं का नाही?" कोतवाल पहारेकऱ्यावर ओरडले.

"साहेब, बाई एकेक चित्र उतरवत होत्या, तेव्हा त्यांचा चेहरा प्रत्येक चित्राशी ताडून पाहिला, कशाशीच जुळेना. मग गाठोडं उचलायला आम्हीच हात लावला."

दरबार हसून लोटपोट झाला. डोळे पुसत महाराजांनी खजिन्यावरचा पहारा कायम केला.

कोतवाल लालबुंद झाले. "आजच तुमचं चित्र दरवाजात टांगतो! मग येऊन दाखवा!"

"खुशाल टांगा," मैनाबाई म्हणाल्या. "पण शेजारी जागा ठेवा. उद्या माझी जाऊ येणार आहे."