तपकिरी डायल

"डायल मी ओळखीन, काका. पण विकणारा खरा की खोटा, ते कशावरून ओळखायचं?"

खातूकाकांनी हातातला चिमटा खाली ठेवला. पन्नास वर्षं ते रत्नागिरीत घड्याळं दुरुस्त करत होते. समोर बसलेला हृषीकेश शेवडे पुण्याचा आर्किटेक्ट. जुन्या स्विस घड्याळांचा नाद लागल्यापासून महिन्यातून एकदा त्यांच्याकडे शिकायला यायचा. कुठल्या सालच्या डायलवर आकडे कसे होते, हे त्याला तोंडपाठ होतं. ते तो ऐकवायचाही.

झालंय काय, काकांनी विचारलं.

हृषीकेशने सांगितलं. खाडीपलीकडे भाट्याला सोलकर नावाचे निवृत्त मास्तर राहतात. त्यांना वडिलांचं घड्याळ विकायचं आहे. मुळात काळी डायल, आता पार तपकिरी झालेली. हा रंग वर्षानुवर्षांच्या उन्हाने आपोआप आला असेल, तर शौकीन लोक दसपट पैसे मोजतात. पण हल्ली काही जण डायल ओव्हनमध्ये भाजूनही तोच रंग आणतात. आणि मास्तरांना काहीही विचारा, उत्तर एकच... मला माहीत नाही.

"माणूस काहीतरी लपवतोय," हृषीकेश म्हणाला. "दोन दिवस मला दुसरं काही सुचत नाहीये."

"तू त्यांना काय सांगितलंस?"

"मी?"

"डायलबद्दल."

हृषीकेश म्हणाला, उन्हाने खराब झालीय, बदलावी लागेल, असं सांगितलं. किंमतही खराब घड्याळाचीच सांगितली.

"आणि खरी निघाली तर दसपट..."



काकांनी भिंग डोळ्याला लावलं आणि त्याच्या तोंडाकडे बघत राहिले. हृषीकेशला आधी हसू आलं. मग ते मावळलं.

"मास्तरांनीही तुझ्या तोंडावर हेच बघितलं असेल, माणूस काहीतरी लपवतोय," काका म्हणाले, आणि पुन्हा कामाला लागले.

दुपारी हृषीकेश भाट्याला गेला. दारातच उभं राहून त्याने मास्तरांना सगळं सांगून टाकलं. हा रंग कदाचित दुर्मीळ आहे, ते मी तुमच्यापासून लपवलं, सांगितलेली किंमत खरी नव्हे. बोलताना त्याचे कान तापले होते. आता हे आपल्याला हाकलणार, असंच त्याला वाटत होतं.

सोलकर मास्तरांनी त्याला आत बसवलं आणि कपाटातून एक फोटो आणला. जहाजाचा डेक, लख्ख ऊन, बाह्या दुमडलेला एक उंच माणूस. मनगटावर तेच घड्याळ. वडील मालवाहू जहाजावर सारंग होते, डेकवरच्या खलाशांचे मुकादम. बावीस वर्षं उन्हात उभे राहिले.

"तुमच्या आधी तिघं येऊन गेले," मास्तर म्हणाले. "तिघंही डायल खराब आहे म्हणाले, आणि तिघांच्याही हातातून घड्याळ सुटेना. म्हणून मी सांगायचंच सोडलं."

त्यानंतर मात्र ते वडिलांबद्दल दीड तास बोलत होते.

संध्याकाळी हृषीकेश दुकानात परतला तो मोकळा हसतच. मास्तर आता बहिणीला विचारून ठरवणार होते. विकलंच तर योग्य भावाने, आणि त्यालाच.

"मिळेल, न मिळेल... पण काका, येताना खाडीच्या पुलावर सपाटून भूक लागली. दोन दिवसांत पहिल्यांदा."

काकांनी मान डोलावली.

"एक मात्र राहिलं," हृषीकेशला आता आठवलं. "एवढा वेळ तिथे होतो, पण डायल तपासायची राहूनच गेली."

काका म्हणाले, "विकणारा ओळखलास ना? मग नीट तपासलीस."