फावड्यावरचं वांगं

“पण ह्या इंजिनात कोळसा कोण टाकतं?”

इब्राहीम वस्तादांनी विचारलं, आणि प्राध्यापक दिगंबर केळुसकरांनी दीडशे पानांची वही पुढून मागं, मागून पुढं चाळली.

कुणीच टाकत नव्हतं.

वही एका खेळाची होती, संगणकावर खेळायच्या. त्यात इतिहास जरा वेगळ्याच रुळांवरून गेला होता. पेट्रोल कुणाला सापडलंच नव्हतं, सगळं जग वाफेवर चाललं होतं. इंग्रजांच्या आगगाड्या सह्याद्रीच्या माथ्यावरून, आभाळातून धावत होत्या आणि पुण्यात पेशवे अजून गादीवर होते, वाफेचे हत्ती बाळगून. हा खेळ तयार करत होती वस्तादांची नात रेशम, केळुसकरांची जुनी विद्यार्थिनी. ह्या दोन सत्ता कशा होत्या, एवढंच सरांनी लिहून द्यायचं होतं.

एवढंच. आणि नेमकं तेवढंच जमत नव्हतं.

“टाकत असेल कुणीतरी,” केळुसकर म्हणाले. “तो तपशील झाला, वस्ताद.”

“मग मी अडतीस वर्षं तपशीलच होतो म्हणा की!”

वस्ताद खो खो हसले. वाफेच्या इंजिनावर ते फायरमन होते. पुढं कितीतरी पोरांना त्यांनी ते काम शिकवलं, म्हणून वस्ताद.

मिरज स्टेशनामागच्या त्यांच्या अंगणात निखाऱ्यांवर एक लांब दांड्याचं लोखंडी फावडं आडवं ठेवलेलं होतं. पात्यात तीन वांगी भाजत होती. केळुसकरांना ते चमत्कारिक वाटलं, पण विचारणं बरं दिसेना.

“पोरगी काय म्हंती?”

“पहिला मसुदा परत पाठवला. म्हणाली, सर, तुमचे चाळीस इंग्रज अधिकारी म्हणजे एकच माणूस आणि चाळीस मिशा.”

“आणि पेशव्यांची माणसं?”

“ती... सगळी देखणी होती.”

वस्तादांनी एक वांगं उलटलं.

“म्हणून दुसरा मसुदा मी अगदी समतोल केला.” केळुसकरांचा आवाज चढला, पस्तीस वर्षं वर्गावर बोललेल्या माणसाचा चढतो तसा. “हे पाहा. दोन रकाने. डावीकडे वाईट, उजवीकडे चांगलं. एक फाशी, एक शाळा. एक लूट, एक धरण. दोन्ही सत्तांना सारखा न्याय. एक ओळ इकडची तिकडे नाही.”

“मग?”

“तोही परत आला.” आवाज खाली आला. “उद्या संध्याकाळपर्यंत तिसरा द्यायचाय. नाही जमला तर ती दुसऱ्या कुणाला तरी सांगणार आहे. तिनं हे अगदी आदरानं सांगितलं. तेच जास्त लागलं.”

त्यांना एकाहत्तरावं चालू होतं. त्यांचा प्रबंध आजवर सहा माणसांनी वाचला होता, त्यातले तिघे परीक्षक. हा खेळ मात्र हजारो मुलांच्या हातात पडणार होता. जन्मभर शिकवलं तेच आता लिहिता येत नाही, म्हणजे ते आपल्याला मुळात येत होतं का, ही शंका त्यांना आठवडाभर कुरतडत होती.

“मग माझ्याकडं कशाला धाडलं तुम्हाला?”

“म्हणाली, आजोबांना वाफ कळते.”

“कळती की!” वस्ताद खूष झाले. वांगी बाजूला काढून त्यांनी फावडं पुढं केलं. “धरा. मागनं बघा.”

केळुसकरांना दोन्ही हात लावावे लागले. पात्याच्या मागं मुकुटाचा छाप ठोकलेला होता, अर्धा झिजलेला.

“इंग्रजांचं?”

“टॉमकिन साहेबाचं. तो ड्रायव्हर, आमचे अब्बा त्याचे फायरमन. एकदा घाटात वाफ कमी पडली, गाडी थांबली. साहेबानं ह्याच फावड्यानं अब्बांच्या पाठीत हाणलं. वळ मरेपर्यंत होता. आम्ही पोरं त्यावर बोट फिरवायचो.”

केळुसकरांनी घाईनं पेन्सिल काढली. डावा रकाना.

“आणि रोज सकाळी ह्याच फावड्यावर साहेब अंडी तळायचा, भट्टीत धरून. इंजिनावर तशीच पद्धत. पहिलं अंडं अब्बांना, मग स्वतःला.”

पेन्सिल उजवीकडे सरकली.

“मारलं त्याच्या दुसऱ्या दिवशीसुद्धा?”

“दुसऱ्या दिवशी दोन.”

पेन्सिल मधेच थांबली.

“सत्तेचाळीसला मायदेशी निघाला, तेव्हा फावडं अब्बांना देऊन गेला. फलाटावर रडला म्हणे.”

“म्हणजे शेवटी... माणूस चांगला, की वाईट?”

वस्तादांनी बाजूला काढलेलं एक वांगं जवळ ओढलं.

“तो कागद द्या जरा,” ते म्हणाले.

केळुसकरांनी दोन रकान्यांचा कागद दिला. वस्तादांनी त्यावर गरम वांगं ठेवलं, सोललं, फोडलं, मीठ टाकलं आणि वरून कच्च्या तेलाची धार सोडली. तेल आधी डाव्या रकान्यात उतरलं, मग उजव्या.

“अहो वस्ताद...!”

“खावा. गरम आहे तोवर.”

केळुसकरांनी खाल्लं. धुराचा वास, आत गोडसर. नको नको म्हणत त्यांनी दुसरा घास घेतला.

“झकास झालंय,” ते म्हणाले, आणि त्यांची नजर पुन्हा त्या मुकुटावर गेली. घास तोंडातच राहिला.

“अब्बा काय म्हणायचे साहेबाबद्दल?”

“काही न्हाई. फावडं रोज पुसायचे. कुणाला टाकू दिलं न्हाई. पण साहेब गेल्यावर त्यावरचं कधी खाल्लं न्हाई.”

“आणि तुम्ही?”

“मला वांगं आवडतं.”

...

केळुसकरांनी वहीचं कोरं पान उघडलं.

“अब्बांचं नाव काय?”

“दस्तगीर.”

त्यांनी ते सगळ्यात वर लिहिलं. वस्ताद वाकून बघू लागले.

“कुणाच्या इंजिनावर ठेवणार त्यांना?”

“आधी इंग्रजांच्या. तिथलं काम सुटलं की पेशव्यांच्या हत्तीवर.”

“तिथं मारत्यात?”

हा प्रश्न केळुसकरांना कुठल्याच मसुद्यात पडला नव्हता.

“...मारत असतील.”

“आणि अंडं?”

“पेशव्यांकडे अंडं कुठलं मिळायला, वस्ताद!”

दोघं म्हातारे ठसका लागेपर्यंत हसले.

निघताना वस्तादांनी फावडं त्यांच्या हातात दिलं.

“पोरगी ह्यावरचं खाऊन मोठी झाली. खेळातल्या चित्रांत मात्र कधी काढलं न्हाई तिनं. तिच्यापुढं ठेवा.”

पात्यावर काजळीचा जाड थर होता. केळुसकरांनी बोट लावून पाहिलं.

“घासून नेतो. नीट दिसेल तिला.”

“घासू नका,” वस्ताद म्हणाले. “ह्यातली कोळशाची काजळी कुठली आणि वांग्याची कुठली, ते पोरीला विचारा.”