तीन दीपगृहांचा फ्लाइट प्लॅन

"...आणि तरीही तुमचं म्हणणं, मशीन चुकत नाहीये?"

शाल्मली तांडेलने हे विचारलं तेव्हा परकारसर हाताला तेल लावून फणस फोडत होते.

"मी तसं काहीच म्हटलं नाही," ते म्हणाले. "मी म्हटलं, गरा खा."

इब्राहिम परकार हवाई दलात नेव्हिगेटर होते. मालवाहू विमानांना वाट दाखवण्यात त्यांची उमेदीची वर्षं गेली. निवृत्त झाल्यावर रत्नागिरीत, भाट्याच्या खाडीकडे तोंड असलेल्या खोलीत, त्यांनी जमिनीवरच विमान उडवायला शिकवणारा एक सिम्युलेटर उभा केला. भिंतभर पडदा, भंगारातून आणलेल्या दोन खुर्च्या, समोर विमानाचं सुकाणू. ज्याला शिकायचं त्याने यावं, चपला बाहेर काढाव्यात, एवढाच नियम.

शाल्मली त्यांची जुनी विद्यार्थिनी. आता ती पुण्यात सॉफ्टवेअर कंपनीत मोठ्या हुद्द्यावर होती, आणि ते तिच्या आवाजातही आलं होतं.

त्या दिवशी तिच्या वडिलांचा सत्तरावा वाढदिवस होता.

दामोदर तांडेलांची सगळी नोकरी दीपगृहांवर झाली. जयगड, देवगड, आणि वेंगुर्ल्यासमोरच्या समुद्रातले खडक. निवृत्तीनंतर एकदा विमानात बसायचं आणि ही तिन्ही ठिकाणं वरून बघायची, एवढीच त्यांची हौस होती. पण फुप्फुसांनी दगा दिला. डॉक्टरांनी विमान कायमचं बंद केलं.

म्हणून शाल्मलीने लॅपटॉपवर फ्लाइट प्लॅन आखला होता. रत्नागिरीहून उडायचं, जयगडला वळसा, मग किनाऱ्याने खाली देवगड, वेंगुर्ल्याचे खडक आणि शेवटी गोवा. बाबा चार वाजता येणार होते.

आणि प्लॅन लॅपटॉपमधून सिम्युलेटरमध्ये जातच नव्हता.

म्हणजे जात होता. पण पडद्यावर रत्नागिरीपासून गोव्यापर्यंत एक सरळ रेघ उमटत होती. मधली तिन्ही दीपगृहं गायब.

"फाइल दुसऱ्या फोल्डरमध्ये ठेवून पाहिली," शाल्मली म्हणाली. "दोन्ही प्रोग्राम काढून पुन्हा टाकले. नकाशे अपडेट केले. सर, मी स्वतः असली सॉफ्टवेअरं लिहिते. हे गाढव आहे, गाढव!"

"काय म्हणतंय गाढव?"

"'बिंदू सापडला नाही.' तेच तेच."

"मग तू काय केलंस?"

"पुन्हा इम्पोर्ट केलं."

परकारसरांनी हात पुसले. उठले, खोलीच्या मधोमध जाऊन उभे राहिले आणि डोळे मिटले.

"मला सांग, कुठे जाऊ?"

"सर, वेळ नाहीये..."

"कुठे जाऊ?"

"जयगडच्या दीपगृहावर," ती वैतागून म्हणाली.

सर जागचे हलले नाहीत.

"जयगडच्या दीपगृहावर!" ती जोरात म्हणाली.

सर तसेच उभे.

"अहो, तुम्हाला माहितीये जयगड! बाबांबरोबर मासे खायला गेला होतात तिथे!"

"इब्राहिम गेला होता. या खोलीत तो आत्ता नाही."

...

शाल्मलीने कपाळावर हात मारला. मग पुढे होऊन तिने सरांचा हात धरला, त्यांना उत्तरेकडे वळवलं आणि खिडकीपर्यंत चालवत नेलं. हात सोडला.

"इथे," ती म्हणाली.

सर शांतपणे उभे राहिले. डोळे मिटलेलेच. ओठांवर मात्र हसू होतं.

तिने त्या हसण्याकडे पाहिलं. मग धावत लॅपटॉपपाशी गेली आणि एक्स्पोर्ट केलेली फाइल साध्या मजकुरासारखी उघडली.

"सर... यात नुसती नावं आहेत."

सरांनी डोळे न उघडताच मान हलवली.

"मी जो फाइलचा प्रकार निवडला, त्यात फक्त नावं जातात. विमानतळ सिम्युलेटरला आधीच माहीत असतात, म्हणून रत्नागिरी आणि गोवा मिळाले. ही तीन ठिकाणं मी माझ्या हाताने नकाशावर लावली होती. ती त्याला कुठून माहीत असणार? मी त्याला ती कुठे आहेत हे सांगितलंच नाही. नुसती हाक मारत बसले."

"डोळे उघडू?"

"उघडा हो, सर!"

आता ती भराभर कामाला लागली. अक्षांश-रेखांश सोबत नेणारा फाइलचा दुसरा प्रकार शोधला. मराठी नावांचे नुसते चौकोन उमटतात असं दिसल्यावर त्यांना छोटी इंग्रजी नावं दिली. आकडे स्वतः टाइप केले. फाइल सिम्युलेटरमध्ये घेतली. एकही तक्रार आली नाही.

"झालं!" ती टाळी वाजवून म्हणाली. "बघा. आता कुणीही चूक काढून दाखवावी."

सरांनी पडद्याकडे पाहिलं. चष्मा पुसला, पुन्हा पाहिलं.

"शाल्मली, गरम कपडे आणलेस?"

रेघ रत्नागिरीहून निघून हिंदुस्थान ओलांडून, रशिया ओलांडून, नॉर्वेच्याही वर बर्फाळ समुद्रात गेली होती. घाईत तिने अक्षांशाच्या जागी रेखांश घातले होते, आणि रेखांशाच्या जागी अक्षांश. जयगड, देवगड आणि वेंगुर्ला अस्वलांच्या शेजारी ओळीने उभे होते.

क्षणभर तिचा चेहरा पडला. मग तिला हसू फुटलं. ती इतकी हसली की तिला खालीच बसावं लागलं. सरांना हसताना खोकला लागला. दारात कुणीतरी विचारत होतं, "काय झालं? मला सांगा की."

दामोदर तांडेल आले होते. अंगात इस्त्रीचा शर्ट, आणि विमानात बसायचं म्हणून पायात बूट.

"काही नाही, बाबा. तुमची बदली झाली होती. रद्द करतेय."

तिने आकडे जागेवर आणले. रेघ किनाऱ्यावर येऊन बसली. सरांनी तांडेलांना बूट काढू दिले नाहीत, नियम मोडून त्यांना तसंच खुर्चीत बसवलं. शाल्मलीने सुकाणू धरलं. विमान उडालं.

जयगड आलं, आणि शाल्मली पडद्याकडे वाकली.

खाली डोंगराचं टोक होतं, दगड होते, समुद्र होता. दीपगृह नव्हतं. सिम्युलेटर बनवणाऱ्यांनी ते बांधलंच नव्हतं.

"बाबा, मला माहीत नव्हतं... सॉरी..."

"अगं, हळू घे ना! तो काय मनोरा!" तांडेल खुर्चीतून पुढे झुकून ओसाड टोकाकडे बोट दाखवत होते. "त्याच्यामागे आमची खोली. तिथे पाण्याची टाकी. इकडे तुझ्या आईने अबोली लावली होती, वाऱ्याने एक झाड टिकू दिलं नाही."

देवगडलाही दीपगृह नव्हतं. तिथे त्यांनी बत्तीची काच पुसण्याची पद्धत हात हलवून दाखवली.

वेंगुर्ल्याजवळ समुद्रात काळे ठिपके दिसले. नुसते खडक. तांडेलांनी हाताने खाली खूण केली. शाल्मलीने विमान खाली आणलं.

"तू झालीस तेव्हा मी इथे होतो," ते म्हणाले. "दर्या खवळलेला. होडी येईना. वायरलेसवर निरोप आला, मुलगी झाली. सांगायचं कुणाला? माझा जोडीदार आणि मी, दोघंच. मग मी वर गेलो आणि दिवा लावला. उजेड होता ढळढळीत. म्हटलं, लागू दे."

"हे तुम्ही मला कधीच सांगितलं नाही."

"नियमाबाहेरचं होतं ना." ते लाजून हसले. "फिरव परत. त्या कडेने."

तिने विमान वळवलं. खडकाभोवती एक फेरी झाली, दुसरी सुरू झाली. पडद्याच्या कोपऱ्यात लाल अक्षरं लुकलुकायला लागली.

"सर, मार्ग सोडलाय म्हणतंय," शाल्मलीने डोळे पुसत विचारलं. "गोव्याकडे वळू?"

परकारसर खिडकीला टेकावं तसं पडद्याला कपाळ टेकून खाली, त्या रिकाम्या खडकाकडे बघत होते.

"म्हणू दे," ते म्हणाले. "अजून एक फेरी मार... दिवा लागायचाय."