येसू आणि ठिपकी

खूप जुनी गोष्ट आहे. इतकी जुनी, की त्या राज्याचे नाव आता कुणालाच सांगता येत नाही. त्या राज्यात डोंगराच्या पायथ्याशी शेळ्या राखणाऱ्यांचे एक गाव होते.

उन्हाळा लागला की खालचे गवत वाळून जाई. मग गावातली मुले शेळ्या घेऊन वरच्या पठारावर जात. पठारावर एक दलदल होती. तिच्यावर गवताचा थर होता आणि तो भर उन्हाळ्यातही हिरवागार दिसे. दरवर्षी मुले निघण्याआधी गावातली वडीलधारी मंडळी वेशीबाहेरच्या खडकावर बसत आणि त्यांना दलदलीची गोष्ट सांगत. ही गावाची रीत होती.

पूर्वी ही गोष्ट मोठी होती. ऐकता ऐकता दुपार कलून जाई. पुढे मंडळींना तेवढा वेळ बसवेना.

एका वर्षी कुणीतरी म्हणाले, "पठाराचं वर्णन कशाला? पठार काय पळून जातंय?" पठार गेले. गोष्टीत एक मुलगी होती. तिचे नाव ऐकले की बारकी मुले रडत, म्हणून ती 'कुणीतरी एक' झाली. ती दलदलीत का शिरली, हे सांगितले तर पोरांना वाईट वळण लागेल, असे एका आजोबांना वाटले. तेही गेले. शेवट तर भयंकरच होता. तो आधीच वगळला होता.

शेवटी गोष्टीतले फक्त तात्पर्य उरले. तेही फार वेळा सांगून घासले गेले होते. आता मंडळी खडकावर बसत, घसा साफ करत आणि म्हणत, "मोठ्यांचं ऐका." मुले एका सुरात म्हणत, "मोठ्यांचं ऐका!" गूळ-शेंगदाणे वाटले जात आणि रीत पूर्ण होई.

त्या गावात एक तरुण मुलगी होती. जुनी गोष्ट तिने लहानपणी पूर्ण ऐकली होती. त्या वर्षी तिची धाकटी बहीण पहिल्यांदा पठारावर निघाली होती. तिच्या काळजीने ती गावच्या कारभाऱ्यांकडे गेली.

"कारभारीकाका, यंदा पूर्ण गोष्ट सांगा."

"सांगतो की दरवर्षी."

"ती गोष्ट नाही. तो नुसता हुकूम आहे."

कारभारी हसले. "सार सांगितलं म्हणजे झालं. तुम्हा पोरींना पाल्हाळ फार आवडतं."

"दलदल कुठे आहे, ते त्या सारात आहे का? रुतल्यावर काय करायचं, ते आहे?"

"त्यात एकच आहे, मोठ्यांचं ऐकायचं. तू ते कधी शिकणार?" कारभाऱ्यांचा आवाज चढला. "गोष्ट सांगायचा मान वडीलधाऱ्यांचा. तो तू घेतलास, तर तुमच्या शेळ्यांना पठार बंद."

पठार बंद म्हणजे उन्हाळाभर चारा बंद. मुलगी घरी आली. शेळ्या की बहीण, याचा विचार करायला तिला फार वेळ लागला नाही. दुसऱ्या दिवशी मुले शेळ्या घेऊन निघाली, तेव्हा ती त्यांच्याबरोबर पहिल्या चढणीपर्यंत गेली. तिथल्या सावलीत तिने सगळ्यांना बसवले. कारभाऱ्यांचा नातू तेवढा बसला नाही. "आजोबांनी मला सांगितलंय," असे म्हणून तो आपल्या शेळ्या घेऊन पुढे गेला.

"पठारावर दलदल आहे," तिने सुरुवात केली. "तिच्यापासून लांब राहायचं. नाहीतर मराल."

"मोठ्यांचं ऐका!" मुले एका सुरात ओरडली. एकाने जांभई दिली. बहीण चिंचेचे बोटूक चोखत होती.

ज्या गोष्टीसाठी मुलगी भांडली होती, ती गोष्ट तिनेही शेवटाकडूनच सुरू केली होती. आपणही खडकावरच्या मंडळींसारखेच बोललो, हे तिच्या लक्षात आले. तिने पुन्हा सुरुवात केली.

"पठारावर दोन काळे दगड आहेत. त्यांच्या पलीकडे सगळीकडे गवत पिवळं आणि एकाच जागी हिरवं. तिथे येसू नावाची मुलगी उभी होती. तुमच्याएवढीच. तिच्याकडे ठिपकी नावाचं करडू होतं. त्याची आई मेली होती. येसू त्याला बोटाने दूध पाजायची."

चिंच चोखण्याचा आवाज थांबला.

तुमच्या मराठीच्या बाई याला स्थळ आणि पात्र म्हणतील. त्या चढणीवर असे शब्द कुणाला ठाऊक नव्हते. पण मुलांना दगड दिसले आणि येसू दिसली.

"ठिपकी हिरव्या गवतात शिरली आणि रुतली. ओरडायला लागली. येसूला माहीत होतं, आत जायचं नाही. पण ठिपकी तिच्याकडेच बघत होती." मुलगी थांबली.

"मग?" बहिणीने विचारले.

येसूला जायचे नव्हते आणि गेल्यावाचून राहवतही नव्हते. या ओढाताणीला संघर्ष म्हणतात. तो असला की ऐकणारा "मग?" असे विचारतो. नसला की जांभई देतो.

"मग ती गेली. काठी काठावरच टाकून, धावत. गुडघ्यापर्यंत रुतली. पाय सोडवायला उभ्याउभ्या धडपडली, तशी कमरेपर्यंत गेली. ठिपकी दमून आडवी पडली होती. ती चिखलावर तशीच तरंगत राहिली. येसू उभी होती. ती खाली गेली."

मग एक मुलगा रागाने म्हणाला, "काठी कशाला टाकली तिने? काठीने आधी जमीन बघायची ना!"

मुलगी उठली. सांगायचे तेवढे सांगून झाले होते. तात्पर्य तिने सांगितलेच नाही. ती घरी परतली. बातमी तिच्याआधी गावात पोहोचली होती, आणि संध्याकाळच्या आत तिच्या घराच्या शेळ्यांना पठार बंद झाले.

ऊन वाढत गेले. पठारावरचे गवत करपले, तेवढा एकच तुकडा हिरवा राहिला. एका दुपारी कारभाऱ्यांच्या नातवाच्या शेळ्या त्या हिरव्यात शिरल्या आणि रुतल्या. नातू काठावर उभा राहून इकडेतिकडे बघू लागला. मोठ्यांचे ऐकायचे, हे त्याला पाठ होते. पण तिथे मोठे कुणीच नव्हते. शेळ्या ओरडत होत्या. शेवटी तो आत धावला.

धाकटी बहीण त्या दिवशी शेजाऱ्यांच्या शेळ्या राखत होती. तिने त्याला बघितले आणि ती धावत काठावर आली. "आडवा पड!" ती ओरडली. "ठिपकीसारखा!"

"ठिपकी कोण?" कमरेपर्यंत रुतलेला नातू रडत म्हणाला.

समजावून सांगायला वेळ नव्हता. तिने काठीने जमीन चाचपली, जिथे टणक लागली तिथे स्वतः पालथी पडली आणि काठी पुढे केली. "असा पड! असा!" नातू आडवा पडला आणि त्याने काठी घट्ट धरली. बाकीच्या मुलांनी बहिणीचे पाय धरले आणि दोघांना ओढून काढले. शेळ्या मात्र कुणाला वाचवता आल्या नाहीत.

संध्याकाळी कारभारी मुलीच्या दारात आले. नातवाच्या अंगावरचा चिखल त्यांच्या धोतराला लागला होता.

"पठार तुमच्यासाठी उघडलंय," ते म्हणाले. थोडा वेळ घुटमळले. "ते येसूचं मला सगळं आठवत नाही गं. सांगशील?"

"सांगीन. पण खडकावर बसून नाही ऐकायचं. खाली, मुलांच्यात बसायचं. आणि मधे बोलायचं नाही."

दुसऱ्या दिवशी सगळी वडीलधारी मंडळी मुलांमध्ये बसली. कुणाचे गुडघे दुखले, कुणी कुरकुर केली. मुलीने तिकडे लक्ष दिले नाही. तिने काळ्या दगडांपासून सुरुवात केली.

येसू चिखलात उभी राहून धडपडू लागली, तेव्हा कारभारी अर्धवट उठले आणि ओरडले, "अगं पोरी, आडवी पड!"

मुलगी क्षणभर थांबली. मग तिने गोष्ट पुढे नेली.

तात्पर्य: गोष्ट कापून उरलेला उपदेश पाठ होतो, पण वेळेला तो कुणालाच वाचवत नाही.