वाकडं न चालणारा ओळंबा

ही गोष्ट कुणाला सांगायची नाही, असं गवंड्याच्या थापीने बजावलं होतं, पण सांगतेच. फार जुन्या काळी एका गवंड्याच्या पिशवीत दोरीला बांधलेला नवा पितळी ओळंबा आला. आपण कशासाठी आहोत, हे त्याला कळेना. हातोड्यासारखं ठोकायला गेला, तर विटेवर ओरखडाही उठला नाही. थापीसारखा गिलावा करायला गेला, तर चुन्यात बुडाला.

“सरळराव, तुम्ही आपले लोंबकळा!” थापी हसली. कारण कसाही टांगला, तरी तो सरळच राही. वाकडं त्याला खपतच नसे.

एकदा पाणपोईची भिंत होत आली. तिच्या माथ्यावरून ओळंबा सोडून गवंडी जेवायला गेला. वरच्या विटा दोरीला टेकल्या होत्या, खालच्या मात्र चार बोटं लांब होत्या.

“थापीताई, भिंत कललीय गं!”

“गप्प बस! सकाळपासून राबतेय मी. जरा भिंतीकडे झुक, कुणाला कळतंय? नाहीतर गवंडी चिडून तुलाच विहिरीत फेकेल.”

ओळंब्याला विहिरीची धडकी भरली. पण तहानलेली माणसं याच भिंतीखाली टेकणार होती. तो झुकला नाही.

गवंडी आला, एक डोळा मिटून बघत राहिला आणि विटा उतरवू लागला.

“झालं समाधान?” थापी फणकारली.

“हो, ताई,” ओळंबा म्हणाला, आणि ते खरंच होतं.

भिंत पुन्हा चढू लागली. आता प्रत्येक थराला थापीच विचारी, “बघ रे, सरळ आहे ना?” आणि ओळंबा ऐटीत म्हणे, “थांब, आधी मला स्थिर होऊ दे, मग मी–”

आले गं आई, आले! उरलेली गोष्ट मग सांगते हं.