टिटवीची खुंटी

त्या राज्यातली प्रजा नदीच्या पातळीखाली राहत होती. मधे मातीचा एक लांब बांध होता, आणि तो होता म्हणून राज्य होते.

कामाची मोजदाद राहावी म्हणून कारभारी नारबा मुंगसाने कचेरीच्या भिंतीवर खुंट्या ठोकल्या होत्या. एक माती वाहण्याची, एक दगड रचण्याची, एक गवत लावण्याची. दर प्रहराला प्रत्येकाने आपल्या दोरीला एक गाठ मारायची आणि आठवडा संपला की ती दोरी आपल्या कामाच्या खुंटीला अडकवायची. जिची खुंटी सापडत नसे, त्या दोरीच्या मालकाला बांधाआडची जागा सोडावी लागे. नारबा दुष्ट नव्हता. दोन वर्षे खपून त्याने ही व्यवस्था आखली होती, आणि तीत कुणाचीही गाठ हरवत नसे.

राही टिटवी आली तेव्हा तिच्या दोरीला सगळ्यांहून जास्त गाठी होत्या.

"काम कोणतं?" नारबाने विचारले.

"बांधावरून फिरते. कुठे ओल दिसते का बघते. दिसली की ओरडते."

"या आठवड्यात दिसली?"

"नाही."

"मग केलंस काय?"

"बघितलं."

नारबाने भिंतीवरून नजर फिरवली. "हे काम संपतं कधी?"

"संपत नाही, कारभारी."

"ज्याला शेवट नाही त्याची खुंटी कुठे ठोकू, राही? तूर्त मातीच्या खुंटीला अडकव."

तिने अडकवली. पण त्या आठवड्यात गाठींच्या मानाने मातीचा ढीग कमी भरला, आणि माती वाहणाऱ्या गाढवांची झाडाझडती झाली. सावळा नावाचे गाढव राहीकडे आले. "बाई, तुझ्या गाठींपायी आम्ही कामचोर ठरतोय," ते म्हणाले. त्याच्या आवाजात राग नव्हता, थकवा होता.

बांधाआडच्या खड्यांत राहीची चार अंडी होती. जागा सोडणे शक्य नव्हते. दुसऱ्या दिवसापासून ती चोचीत माती वाहू लागली. दुपारपर्यंत मान कलंडायची. तिला समोर फक्त ढीग दिसे. ढिगाचा आणि गाठींचा मेळ बसला. बांधावर आता कुणी फिरत नव्हते.

चिंचेजवळ ओल आली. आधी पंजाएवढी, मग घोंगडीएवढी. सावळा रोज तिच्यावरून जात होता. थांबावे तर गाठ चुकणार. आणि ओरडायला राही आहेच, असे त्याला वाटे. नवव्या दिवशी भर दुपारी राहीची नजर तिकडे गेली. चोच मातीने गच्च भरली होती. ती थुंकून तिने हाक मारली, तोवर बांध फुटला होता. ती उडाली. सावळा वाहून गेला. खड्यांची जागा दिसेनाशी झाली.

चार दिवसांनी पाणी उतरले. गाळात उभ्या असलेल्या भिंतीवर नारबाने नवी खुंटी ठोकली: वाहून जाणे. पहिली दोरी त्याने आपल्या बायकोची अडकवली, मग सावळाची, मग एकेक करून बाकीच्यांच्या.

राही दाराशी उभी होती.

"तुझी चार होती ना?" तो हळू आवाजात म्हणाला. "त्यांच्या दोऱ्या?"

"त्यांना दोऱ्या नव्हत्या, कारभारी. ती अजून फुटली नव्हती."

 नारबाने एका कोऱ्या दोरीचे चार आखूड तुकडे कापले, एकही गाठ न मारता त्यांची टोके सारखी केली आणि खुंटीवरच्या दोऱ्या जरा सरकवून त्यांना जागा केली.